डाव्या हाताचा ब्रेक

हे मृत्युपत्र मी माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर, डाव्या हाताने, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, फूस लावलेली नाही आणि सकाळपासून मी चहाखेरीज काही प्यायलेली नाही. अक्षर वाकडे आहे, त्याचे कारण पुढे येईल. डोके सरळ आहे.

उद्या सकाळी माझ्या हृदयाची एक झडप काढून तिथे नवी बसवणार आहेत. जन्मभर मी लोकांच्या सायकलींचे झिजलेले भाग काढून नवे बसवले, तेव्हा या कामाबद्दल माझी तक्रार नाही. फक्त सायकल स्टँडवर असताना मालकाला शेजारी उभे राहून बघता येते, मला ती सोय नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यातून बहुतेक जण ठणठणीत होतात. तो 'बहुतेक' ऐकून मी तडक वकीलबाईंकडे गेले. त्यांनी तीन गोष्टी बजावल्या. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही द्यायचे नाही. वारसापुढे, तो आधी गेला तर वाटा कोणाला, हे लिहायचे. आणि लिहिलेले खोडायचे नाही, चुकले तर पुढे दुरुस्तीचे कलम घालायचे. म्हणून खाली जे जसे लिहिले गेले ते तसेच ठेवले आहे.

कलम पहिले. हे घर, तळमजल्यावरच्या दुकानासकट, माझ्या मुलाला. तो एकुलता एक आहे, त्यामुळे भांडायला दुसरे कोणी नाही. अट एवढीच की दुकानाचा गाळा समोरच्या काचेच्या सायकल दुकानाला भाड्याने देऊ नये. त्या दुकानात पाने-पक्कड भिंतीवर शोभेला टांगतात आणि गिऱ्हाईक उभे असताना मोबाईल बघतात. मी वर गेले तरी मला ते खपणार नाही.

कलम दुसरे. बँकेत जे उरले असेल ते सुनेला. किती आहे हे तिने कधी विचारले नाही.

कलम तिसरे, हत्यारे. चाक सरळ करायचा स्टँड, आऱ्यांच्या चाव्या आणि ब्रेकच्या नळ्यांत तेल भरायचा संच नातीला. बोल्ट किती आवळायचा ते सांगणारा टॉर्क रेंच माझ्या धाकट्या दिराला. तो त्याच्याकडेच आहे. 'संध्याकाळी आणून देतो वहिनी' म्हणून त्याने नेला होता, ती संध्याकाळ अजून झालेली नाही. माझा नवरा वारला त्या वर्षी नेला, आणि नवरा जाऊन नातीला शिंगे फुटली. आता रीतसर देऊन टाकते, म्हणजे त्यालाही समोरून जाताना मान खाली घालावी लागणार नाही. मोठा पंप मी 'पंक्चर'ला देणार होते. पंक्चर म्हणजे आमच्या रविवारच्या सायकल-टोळीतला पोस्टातून निवृत्त झालेला गडी, ज्याचे चाक सपाट रस्त्यावरही बसते. पण तो साक्षीदार आहे. म्हणून संध्याकाळी सहीला आला की पंप जिवंतपणीच त्याच्या हातात ठेवीन.

कलम चौथे. कपाटातले जुने फोर्क, डिस्क, पेडल आणि टायर रविवारच्या टोळीने, साक्षीदार पंक्चरला वगळून, वाटून घ्यावेत. झिजलेल्या चेन मात्र भंगारात घालाव्यात. 'अजून चालेल' म्हणून कोणी नव्या दातेरी चाकावर जुनी चेन चढवू नये. ती स्वतः तर जातेच, नव्यालाही घेऊन जाते.

कलम पाचवे, माझी सायकल. डोंगरात चालवायची, पुढे-मागे शॉक असलेली, हिरवी. ती मी भाग भाग जमवून केली आहे. सांगाडा एका मोडीतल्या सायकलीचा, फोर्क नवा, चाके मी स्वतः बांधलेली. नवरा गेल्यावर मला घरात बसवेना, तेव्हा पन्नाशी उलटलेली असताना मी खाणीच्या टेकडीवर पहिल्यांदा गेले. लोक हसले. दुसऱ्याच हिवाळ्यात तिथल्या दगडी वळणावर उजवे मनगट मोडले, तेव्हा लोक हसले नाहीत, तेच मला जास्त लागले. मनगट जुळले पण त्यात जोर उरला नाही. लिहायला डावा हात शिकवला आणि ब्रेकसुद्धा बदलले. आमच्याकडे सगळ्यांच्या सायकलीला पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. पुढचाच ब्रेक सायकल खरी थांबवतो, म्हणून तो मी जोर असलेल्या डाव्या हाताला घेतला आणि मागचा उजवीकडे नेला. हँडलच्या डाव्या टोकाला लाल पट्टी चिकटवली, की इथे पुढचा आहे, बेतानेच दाब.

ही सायकल माझ्या नातीला. ती कॉलेजात शिकते, माझ्याहून बरी चालवते आणि माझ्याहून जास्त बोलते. उलट्या ब्रेकची सवय मी तिला उन्हाळाभर मैदानात लावली आहे. डावा एका बोटाने, उजवा हवा तेवढा. आणखी एक नियम तिला शंभरदा सांगितला आहे, की उतरण सुरू व्हायच्या आधी खाली उतरायचे, सायकल हाताने ढकलायची आणि एकेक ब्रेक दाबून बघायचा. तिला हा म्हाताऱ्या माणसाचा चाळा वाटतो. दुपारी ती सायकल मागायला आली. "आजी, उद्या दवाखान्यात तुझ्याजवळच बसायचंय. आज एकदा खाणीवरून येऊ?" मी हो म्हटले. तिचा मोबाईल इथे माझ्यासमोर टेबलावर चार्जिंगला लावलेला आहे, म्हणजे घाईतच गेली.

इथे लिहिणे थांबवावे लागले.

मुलगा ऑफिसातून लवकर आला. उद्याची पिशवी भरायची म्हणाला. पाणी प्यायला आत आला आणि खिडकीतून मागच्या शेडकडे बघत राहिला, जिथे सायकल टांगलेली असते. मग विचारले, सायकल कुठे आहे. मी सांगितले. त्याच्या हातातला पेला त्याने इतक्या हळू खाली ठेवला की मला तेव्हाच काहीतरी कळले.

"आई, मी काल ती समोरच्या दुकानात नेली होती. ब्रेक सरळ करून घेतले."

काल मी आणि सून दिवसभर दवाखान्यात तपासण्यांना होतो. मी विचारले, का.

"ऑफिसातल्या साहेबांना देणार होतो. तू बरी झालीस की परत त्या टेकडीवर जाणार, मला माहीत आहे ना."

"मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं."

"म्हणूनच नाही विचारलं."

लाल पट्टी काढली का, एवढेच मी विचारले. तो म्हणाला, पट्टीचे कोणाच्या लक्षात आले नाही. मग स्कूटर काढून तो खाणीकडे गेला. त्याचे हेल्मेट इथेच राहिले आहे.

कलम सहावे, दुरुस्ती. कलम पाचमध्ये माझ्या सायकलीचे ब्रेक उलटे असल्याचे लिहिले आहे. ते आता खरे नाही. ब्रेक चारचौघांसारखे आहेत आणि हे माझ्या नातीला ठाऊक नाही. ती उजवा हात मोकळेपणाने आवळील, कारण उजवीकडे मागचा असतो असे तिला मी शिकवले आहे. तिथे आता पुढचा आहे. उतरणीवर पुढचे चाक एकदम जाम झाले की सायकल थांबते आणि माणूस थांबत नाही. तिला काही ठाऊक नसते तरी परवडले असते, इतर सायकलींसारखीच चालवली असती. मी घोटून घेतले तेच आता तिच्या वाटेत उभे आहे.

मला जाता येत नाही. दारापर्यंत चालले तरी दम लागतो, आणि डॉक्टरांनी आज जिना उतरायचा नाही असे बजावले आहे. सून गॅलरीत उभी आहे. कठडा धरून रस्त्याच्या टोकाकडे बघते आहे. रविवारच्या टोळीतल्या दोघांना तिने फोन केले, एकाचा लागत नाही आणि दुसरा गावाला गेला आहे. मी लिहिते आहे कारण हात थांबला की मला ते दगडी वळण दिसते. माझी तर पाचावर धारण बसली आहे, आणि हे मृत्युपत्रात लिहायचे असते की नाही ते मला माहीत नाही.

मुलाबद्दल लिहायचे तर राग आला आहे. मी जाण्याआधीच त्याने माझी वाटणी सुरू केली, तीसुद्धा माझ्या नावडत्या दुकानात. पण त्या वळणावरून मला आणायला तोच आला होता. मनगट कसे लोंबकळत होते ते मी पाहिले नव्हते, त्याने पाहिले होते. ते त्याच्या मनातून गेलेले नाही. भीतीने केले, हावेने नाही, हे मला कळते. कळले म्हणून राग कमी होतो असे नाही.

कलम सातवे. वकीलबाईंनी सांगितले होते, वारसापुढे लिहा, तो आधी गेल्यास कोणाला. सकाळी घर लिहिताना मी ते हसण्यावारी नेले. म्हटले, पिकले पान मी आहे, माझ्याआधी कोण जातो. आता सायकलीपुढे ते वाक्य लिहायला हवे. नात माझ्या आधी

हे वाक्य मी पुरे करणार नाही. कायद्याला चालत नसेल तर सायकल सरकारजमा करा.

दंतवैद्यीणबाई आल्या. त्या शेजारी राहतात आणि पहिल्या साक्षीदार आहेत. सुनेकडे बघून त्यांनी चहा टाकला. पाठोपाठ पंक्चर आला. त्याला सगळे सांगितले तर तो उभ्या उभ्या पुन्हा सायकलीवर बसायला निघाला. मी म्हटले बस, तुझे चाक वाटेत बसेल आणि मग दोघांना शोधावे लागेल. तो बसला. मी वेळ लिहीत नाही, घड्याळाकडे बघायचे नाही असे ठरवले आहे. नातीचा मोबाईल दोनदा वाजला. तिच्या मैत्रिणीचा होता, आम्ही कोणी उचलला नाही.

सून गॅलरीतून ओरडली नाही. नुसती आत आली, खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. मला वाटले संपले. मग जिन्यावर पावलांचा आणि सायकलीच्या फ्रीव्हीलचा आवाज आला. सायकल जिना चढवत होते कोणीतरी, आणि माझ्या चाकाचा आवाज मी कुठेही ओळखते.

नात दारात उभी होती. हनुवटी खरचटलेली, गुडघ्याला माती, बाकी सगळी जागच्या जागी. मागे मुलगा, सायकलीचा मागचा भाग खांद्यावर घेतलेला, पांढराफटक. ती आत येताच माझ्यावर तडकली.

"आजी, तुझ्या सायकलीचे ब्रेक कुणी बदलले?"

मी तिला जवळ बोलावले आणि दोन्ही हात दाबून बघितले. मग विचारले, उतरणीच्या आधी नियम पाळलास का. तिने बापाकडे बघितले, मग जमिनीकडे.

"पाळला नाही. तुझी नक्कल करून दाखवत होते. जाताना सगळा चढ, ब्रेक लागलाच नव्हता. वरती कॉलेजातले सगळे होते ना. तुझ्यासारखी कंबरेवर हात ठेवून खाली उतरले, म्हटलं थांबा रे पोरांनो, आधी ढकलून बघायचं. पळत ढकलली आणि उजवा आवळला. मागचं चाक वर आलं आणि मी हँडलवरून गवतात."

सगळे हसले म्हणाली. ती मात्र हसली नाही, कारण दहा पावलांवर उतरण होती. ती सायकल हाताने ढकलत घरी निघाली आणि वाटेत बाप भेटला. माझ्या जिवात जीव आला. आजवर तिने माझी नक्कल केली की मी रागवत असे. यापुढे रोज करावी, पाहुण्यांसमोर करावी, मी मेल्यावर तर जरूर करावी.

कलम आठवे. हे लिहिताना माझा मुलगा स्वयंपाकघरात वर्तमानपत्र पसरून ब्रेक पुन्हा उलटे करतो आहे. त्याने आयुष्यात कधी पाना नीट धरला नाही. तेल त्याच्या ऑफिसच्या शर्टावर सांडले आहे आणि नात उंटावरून शेळ्या हाकते आहे. मी त्याला करायला सांगितले नव्हते. त्यानेच शेडमधून संच आणला आणि माझ्याकडे न बघता विचारले, "आई, डावीकडे पुढचा ना?" मी हो म्हटले. घराचा वारस बदललेला नाही. साहेबांना काय सांगायचे ते त्याचे त्याने बघावे.

कलम नववे आणि शेवटचे. कलम पाच कायम, सायकल नातीचीच. पण मी गेले असे डॉक्टरांनी लेखी देईपर्यंत ती माझी आहे, आणि तोवर तिचा एकही बोल्ट कोणी मला विचारल्याशिवाय हलवू नये. मला परत खाणीवर जायचे आहे. मला उद्याची भीती वाटते आणि मला परत जायचे आहे, दोन्ही खरे आहे. माझ्यानंतर नातीने ब्रेक आपल्या हाताप्रमाणे लावून घ्यावेत, माझ्या हाताप्रमाणे नव्हे, आणि त्याच दिवशी लाल पट्टी काढून टाकावी.

वरील सर्व मी वाचले आहे आणि ते माझेच म्हणणे आहे.

सही (डाव्या हाताची): दुकानवाली, आई, आजी

आम्ही दोघे साक्षीदार लिहितो की बाईंनी आमच्यादेखत सही केली. सहीआधी त्यांनी खुर्चीत बसून सायकल पुढे ओढून घेतली, एकेक ब्रेक दाबला, उजवीकडचा सैल आहे म्हणून मुलाला ब्रेकच्या नळीतली हवा पुन्हा काढायला लावली आणि तो घट्ट झाल्यावरच पेन हातात घेतले. त्या पूर्ण शुद्धीत आहेत याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

साक्षीदार पहिली: शेजारची दंतवैद्यीण
साक्षीदार दुसरा: निवृत्त पोस्टमन, ऊर्फ पंक्चर (पंप सहीआधीच मिळाला)

स्थळ: बाईंचे स्वयंपाकघर
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, संध्याकाळ, सगळे घरात असताना