उरलेला पेला

सानपाडा, ८ सप्टेंबर १९९७

चि. सई हीस अनेक उत्तम आशीर्वाद.

सोसायटीचा सत्यनारायण पार पडला. गच्चीच्या चारी कठड्यांना लागून पंगत बसवली. दाटी एवढी, की दोन पत्रावळींच्या मधोमध एकेक पेला ठेवला. कुणी डावीकडचा उचलला, समोर बसलेल्या नझीरभाईंनी उजवीकडचा, बाकीच्यांनी शेजाऱ्याचं बघून. मला ठसका लागला आणि बघते तर माझ्या दोन्ही बाजूंचे पेले गेलेले. मांडणारीच तहानलेली!

तुझं पत्र नाही, म्हणून जिवाला घोर आहे. प्रबंध कुठवर आला, असं बाबा रोज विचारतात. तब्येत सांभाळ, बाळा.

तुझी, आई

इंग्लंड, २१ सप्टेंबर

ती. सौ. आईस सा. न. वि. वि.

बातमी चांगली नाही. विश्व तापलेलं होतं तेव्हा सगळीकडे सारखं होतं. निवताना प्रत्येक भागाने आपापली बाजू धरली आणि जिथे बाजू जुळल्या नाहीत तिथे शिवणीसारख्या तारा राहिल्या. त्यांच्याभोवतीच दीर्घिका जमल्या, असं मी चार वर्षं मांडत होते. यंदाच्या गणितांत ते आकाशाच्या मोजमापांशी जुळत नाही. सर म्हणतात, जुळत नाही असंच लिही. पण नाही म्हणणारा प्रबंध घेऊन करू काय? सोडून घरी यावंसं वाटतं. बाबांना सांगू नकोस.

तुझी तहान मात्र माझाच विषय. पंगत चारी बाजूंनी मिटलेली होती ना? मग पेले माणसांइतकेच, आणि असा चुकलेला सांधा एकटा नसतो. कुणाच्या तरी शेजारी एक पेला उरला असणारच. विचारून बघ.

माया आहेच, ती असू दे.

सई

सानपाडा, ६ ऑक्टोबर

चि. सईस आशीर्वाद.

विचारलं. उरलेला पेला तुझ्या बाबांच्या शेजारी होता. त्यांनी दोन्ही रिकामे केले आणि माझा ठसका ऐकूनही गप्प बसले. तुला हे इतक्या लांबून कसं कळलं, म्हणून पिच्छाच पुरवला, तेव्हा पत्र दाखवावं लागलं. रागावू नकोस.

पत्र त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाले, मार्केटात मी जन्मभर गोदामं तपासली. माल नाही असं लिहायचं तरी कुलूप काढून आत जावं लागायचं. बाहेरूनच नाही म्हणणाऱ्याच्या कागदावर मी कधी सही केली नाही. पोरगी चार वर्षं आत जाऊन बघून आलीय, तिला म्हणावं, सही कर आणि मग ये.

मलाही तसंच वाटतं. वाट बघतोय.

आई