अर्धशिंग्याचे शिंग शाबूत राहावे म्हणून

मी, गोरक्षनाथ सहादेव शिरसाट, वय ६१, अविवाहित, धंदा मोटार रिवाइंडिंग, राहणार तिसगाव, ता. पाथर्डी, जि. अहिल्यानगर, पूर्ण शुद्धीवर आणि पूर्ण रागात हे मृत्युपत्र लिहितो. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. राग आणि शुद्ध एकत्र राहू शकतात, हे वकिलांनी मान्य केले आहे.

१. बाजारतळाजवळचे स्वकष्टाचे दुकान व वरच्या दोन खोल्या माझी पुतणी सुकन्या अजिनाथ शिरसाट हिला. खोलीची आतली कडी काढू नये. पाहुणे आले म्हणून तिला खाली बोलावू नये.

२. वाइंडिंग मशीन, मीटर व तांब्याची तार तिलाच. पोरगी वेढे मोजताना कधी चुकत नाही. गिऱ्हाईक "झाली का मोटार?" विचारील, तेव्हा "नाही" एवढे पुरे. मी चाळीस वर्षे तेवढ्यावर भागवले.

३. 'धुक्याचा गड' या कादंबरीचे नऊ भागही तिलाच. ज्यांनी वाचले नाहीत त्यांच्यासाठी: यात अर्धशिंगा नावाचा एका शिंगाचा प्राणी गडाच्या दरवाजाबाहेर राहतो. पहारेकरी विचारतात, "काय, बरं चाललंय ना?" तो खरेच सांगू लागतो, अगदी पहाटेपासूनचे. म्हणून त्याला आत घेत नाहीत. हे वाचले तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. दुकानाला आतून कडी घातली आणि रडलो. तोवर वाटायचे, असा मी एकटाच.

नवव्या भागात लेखकाने त्याचे शिंग कापले, त्याला माणूस केले, दरबारात बसवले. मी लेखकाला एकेचाळीस पत्रे लिहिली. उत्तर एकच आले: "वाचकांना शेवट गोड लागतो." मी त्यांना क्षमा करीत नाही. तो भाग तेलकट हात पुसायला वापरावा. सुकन्याने वहीत लिहिलेला नववा भागच खरा समजावा. त्यात शिंग शाबूत आहे आणि दरवाजा रुंद केला आहे.

४. तीन वर्षांमागे सुकन्याला पुण्याला डॉक्टरीणबाईंना दाखवले. ती प्रश्नांचा कागद भरत होती. मला रिकामे बसवेना, म्हणून मीही एक भरला. मला तिच्यापेक्षा सात गुण जास्त पडले. बाईंनी मग मलाही चार वेळा बोलावले आणि म्हणाल्या, दोघांनाही ऑटिझम आहे. सुकन्या म्हणाली, "तात्या, म्हंजी आपन दोघं बी अर्धशिंगे." एवढा मान मला जन्मात कोणी दिला नव्हता.

माझा भाऊ, तिचा बाप अजिनाथ, म्हणतो, "दादा, लग्नाआदी पोरगी सुधरली पायजे. चारचौघांत हसाया-बोलाया नको का?" त्याने तिला दोनदा पाहुण्यांसमोर बसवले. दोन्ही वेळा ती आठ-आठ दिवस बोलली नाही. अजिनाथ वाईट नाही हो. तो फक्त नववा भाग आहे.

५. दुकानापुढचा ओटा मला अर्धशिंग्याच्या नावे करायचा होता. वकिलांनी आधार कार्ड मागितले. शिंगाचे चित्र चालेल का, असे मी विचारल्यावर ते पाणी प्यायला गेले, ते अर्ध्या तासाने आले. सबब ओटा, आत यायला जो कोणी कचरत असेल त्याच्यासाठी.

६. अजिनाथला काहीही नाही. ज्याला मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, आणि मला त्याची सही हवी आहे.

७. माझ्या दहाव्याला भाषणे नकोत. पिंडाला कावळा शिवेना, की भावकी मयताच्या इच्छेचे अंदाज बांधू लागते. अंदाज नकोत, इच्छा इथे लिहिली आहे. अजिनाथने घाटावर सर्वांदेखत मोठ्याने म्हणावे: "सुकन्या हाय तशीच ऱ्हाईल. तिला कुनी बदलनार न्हाई." कावळा आधीच आला तर त्याला हाकलावे. आधी वाक्य, मग घास.

ठिकाण: तिसगाव. दिनांक: १६ जून २०२५.
सही: गो. स. शिरसाट

साक्षीदार १: छगन बन्सी गर्जे, शेजारचा चहावाला. सही माझ्यासमोर झाली. शिंगाबद्दल मला माहिती नाही.

साक्षीदार २: अजिनाथ सहादेव शिरसाट. वाचलं. कावळ्याची वाट कशाला बघायची, म्हनून वाक्य आत्ताच पोरीसमोर बोललो. ती म्हनली, "दहाव्याला बी बोलावं लागंल, तसं लिव्हलंय." बोलंन.