पावसाच्या रकान्यातले शून्य

मी, मनकर्णा आश्रुबा तांदळे, वय तेवीस, बी.ए., राहणार चौसाळ्याजवळची वाडी, जिल्हा बीड. परवा पुण्याला माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टर बरी होशील म्हणतात. तरी घरातल्या पहिल्या पदवीधराने कागद अर्धवट सोडू नये, म्हणून पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दबावाशिवाय लिहून ठेवते.

१. सायकल धाकट्या बहिणीला, सुभद्रेला. चेन उतरते, ती तिला बसवता येते. शिकवणीचे पोस्टातले सातशे रुपये आईला.

२. दूध संस्थेतला माझा एक शेअर भिवराबाईंना. म्हैस त्यांची, धार त्या काढतात, शेअर मात्र नवऱ्याच्या नावावर आहे.

३. खर्चाच्या वहीविषयी. दर रविवारी संस्थेच्या टीव्हीसमोर मला प्रश्न पडायचा, या अर्ध्या तासाला किती लागत असेल? एप्रिलात एका मालिकेचे लोक आमच्याच वाडीत चित्रीकरणाला आले. त्यांचे व्यवस्थापक आसाराम यांनी खर्च लिहायला मला ठेवले. तेव्हा कळले, एका भागाला लाखाच्या वर. जनरेटरला दिवसाला नऊशे. नटाच्या खोट्या मिशीलासुद्धा पंधरा रुपये भाडे. पावसाच्या दृश्याला दोन टँकर, आणि त्यांच्यापुढे शून्य.

"मिशीला भाडं आणि पाणी फुकट कसं?" मी विचारले.

"तुमच्या चेअरमननी दिलं," आसाराम म्हणाले. "मालिकेतल्या पंचायतीच्या प्रसंगात त्यांना बसवलंय ना."

ते टँकर वाडीच्या पिण्याच्या पाण्याचे होते, चार दिवसांनी आलेले. नळ्यांतून पाऊस पडू लागताच भिवराबाई आणि संस्थेला दूध घालणाऱ्या रुक्मिणीबाई हंडे घेऊन थेट कॅमेऱ्यासमोर गेल्या. दृश्य बाद झाले.

संस्थेचे चेअरमन सुंदरराव ओरडले, "अक्कल हाय का न्हाई? खोटा पाऊस हाय त्यो."

भिवराबाईंनी हंडा हलवला नाही. "पाऊस खोटा असंल, मालक. पाणी तर वल्लं हाय."

गावाची अब्रू घालवली म्हणून दुसऱ्या दिवसापासून संस्थेने दोघींचे दूध घेणे बंद केले. सव्वा महिना झाला. मी गप्प बसले, कारण माझी कॉलेजची फी सुंदररावांनी भरली होती. त्याची लाज इथे नोंदवते. फीचे उपकार माझ्यावर आहेत, भिवराबाईंच्या म्हशीवर नाहीत.

४. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. हे कलम तोवर थांबणार नाही. वहीतल्या, टँकरपुढे शून्य असलेल्या, आसारामांच्या सहीच्या पानाची नक्कल आजच भिवराबाईंच्या हाती दिली आहे. संस्थेच्या बुधवारच्या सभेत माझ्या वतीने सुभद्रा ते पान वाचेल आणि दोघींचे दूध पुन्हा घ्या, असे मांडेल. मी जगले तरी, न जगले तरी.

स्थळ: वाडी. दिनांक: २४ मे १९८७.
सही: मनकर्णा आश्रुबा तांदळे

साक्षीदार:
१. रुक्मिणीबाई (डाव्या हाताचा अंगठा)
२. उत्तरेश्वर गुरुजी (सही)
३. सुंदरराव. "वाडीच्या कागदावर माझी सही लागतीच," म्हणून त्यांनी कागद घेतला. वाचून पेन परत दिले. बुधवारपर्यंत जागा कोरी ठेवली आहे.