दर सेकंदाला विचारपूस

आदरणीय वन्सं, नमस्कार (वाकून करते आहे, या घरात निदान माझे तरी गुडघे शाबूत आहेत).

तुमच्या भावाचा फोन परवापासून माझ्या कपाटात कुलपात आहे. तो कुणी उचलत नाही म्हणून तुम्ही भलतंसलतं मनात आणून पहिल्या गाडीने निघण्याआधी हे पत्र पोचावं, म्हणून लिहायला बसले. भाऊ सुखरूप आहेत. शस्त्रक्रिया झालेला गुडघाही सुखरूप आहे. तुमचा रक्तदाब आणि तुमच्या यजमानांचा खोकला आटोक्यात असेल असं धरून चालते. फोन का काढून घेतला हे सांगायचं तर आधी माझ्या ऑफिसातलं सांगावं लागेल. कंटाळू नका, मुद्द्यालाच येणार आहे.

आमची कंपनी घाऊक औषधांची, हे तुम्हाला ठाऊक आहेच. दुकानांच्या मागण्या एका मोठ्या संगणकात येतात, त्याला सर्व्हर म्हणतात. तो बिलं काढतो, गोदामाला चिठ्ठ्या देतो, आणि त्याची देखभाल माझ्याकडे. हल्ली तो असा रेंगाळायला लागला की दुकानदाराने खोकल्याचं औषध मागवावं आणि ते पोचेपर्यंत गिऱ्हाइकाचा खोकला आपणहून बरा व्हावा. शस्त्रक्रियेपुरती रजा मिळाली, पण पुढची मागितली तर साहेब म्हणाले, "बाई, मशीन धावायला लागेपर्यंत रजेचं नाव काढू नका." म्हणजे एका आजाऱ्यापायी दुसरा आजारी घरात एकटा!

आता सर्व्हरची तब्येत बघायची एक रीत असते. दवाखान्यात खाटेच्या पायाशी तक्ता टांगतात ना, तसंच. एक छोटा प्रोग्रॅम ठरावीक वेळाने सर्व्हरला विचारतो, कामाचा बोजा किती, मेमरी किती भरली, डिस्क किती दमली, आणि उत्तरं साठवून ठेवतो. मग आपण त्या साठ्याला प्रश्न घालायचे. (हे प्रश्न घालायची वेगळी भाषा असते. ती मला कॉलेजात कुणी शिकवली नव्हती. तेव्हा संगणक खोलीएवढा होता आणि आम्हाला तो नुसता काचेतून दाखवत, जसा काही पिंजऱ्यातला वाघ.) मी साठ्याला विचारलं, या मशीनची शक्ती सर्वांत जास्त कोण खातं? उत्तर आलं: तब्येत विचारणारे.

झालं होतं असं. मशीन मंदावलं तसं हिशेबखात्याच्या प्रमुखांनी टेबलावर तब्येतीचे काटे दाखवणारा पडदा लावून घेतला. ते पाहून गोदामवाल्यांनी लावला. मग खरेदीवाले कसले मागे राहतात! साहेबांनी तर थेट स्वागतकक्षाच्या भिंतीवर लावला, आल्यागेल्याला दिसावा म्हणून. प्रत्येकाचा विचारणारा प्रोग्रॅम वेगळा, आणि विचारणार दर सेकंदाला, कारण काटा थरथरत असला की बघायला बरं वाटतं. मशीन बिचारं उत्तरं देण्यातच दमायचं. दमलं की काटा लाल व्हायचा, आणि लाल काटा पाहून मंडळी घाबरून आणखी एक पडदा उघडायची. भेटायला आलेल्यांनी खाटेवर बसून बसून रोग्यालाच खाली पाडावं, तशातली गत.

मी एकूण एक विचारणारे बंद केले. थोड्या वेळाने गोदामातून ओरडा ऐकू आला: चिठ्ठ्यांचा पाऊस पडतोय, उचलायला माणसं पाठवा! इतका गोड ओरडा मी नोकरीत ऐकला नव्हता. तेवढ्यात साहेब धावत आले.

"बाई, काटे हलेनात! मशीन गेलं?"

"काटे गेलेत साहेब. मशीन आत्ता कुठे श्वास घेतंय."

"मग ते बरं आहे हे मला कळायचं कसं?"

"बिलं निघताहेत, त्यावरून."

आता एकच प्रोग्रॅम मिनिटाला एकदा विचारतो आणि लिहून ठेवतो. ज्याला हौस असेल त्याने तो साठा खुशाल वाचावा, मशीनच्या तोंडी लागायचं नाही. मला लगेच रजा मिळाली. साहेबांनी स्वतः दार उघडून धरलं (मी थांबले तर आणखी काही बंद करीन, ही भीती असावी).

त्या आनंदात भर दुपारी घरी आले, तर तुमचे भाऊ फोन कानाला लावून म्हणताहेत, "थांब हं ताई, वाकवून बघतो." आणि खरंच वाकवताहेत! व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सकाळ-संध्याकाळ थोडा वाकवायला सांगितलेला गुडघा हे गृहस्थ येणाऱ्या प्रत्येक फोनला वाकवून दाखवत होते. (फोनवर दिसतो थोडाच!) म्हणून तर तो संध्याकाळी भोपळ्याएवढा सुजायचा, आणि सूज आहे कळलं की तुम्ही काळजीने पुन्हा फोन करायच्या. मी फोन काढून घेतला आणि कपाटाला कुलूप लावलं. आज सूज उतरली आहे. काल तर हे काठी टेकत स्वयंपाकघरापर्यंत आले आणि भाजी करपल्याचं सांगून गेले. मला इतका आनंद झाला की मी ऐकून घेतलं.

तुमची कडक
वहिनी

ता. क. पत्राचं खरं कारण हे की, रोज संध्याकाळी फक्त एकदा फोन करावा. काकू, धाकटे भावजी आणि तुमच्या मैत्रिणी यांना पुढचं तुम्हीच सांगायचं. तक्ता आजपासून तुमच्याकडे. त्यांच्या वतीने विचारायला म्हणून वेगळा फोन चालणार नाही.

आणखी एक. तुमच्याविरुद्ध पुरावा हाती असावा म्हणून कुणाचे फोन सर्वांत जास्त आले ते यांच्या फोनमध्ये तपासलं. तुमचा नंबर दुसरा. पहिला माझ्या ऑफिसातल्या टेबलावरच्या फोनचा आहे. तेव्हा वरचे कडक शब्द निम्मे मला लागू समजावेत. उरलेले निम्मे तुमचेच आहेत.

ताबा दिल्याची नोंद: फोन एक, चालू स्थितीत, चार्जरसह, रोग्याच्या हाती दिला. मिळाल्याचं रोग्याने खाली स्वतः लिहावं.

मिळाला. ताई, ही खाटेसमोर खुर्ची टाकून बसली आहे आणि घटकेघटकेला "वाकतो का?" विचारते आहे. हिची रजा कधी संपते, तेवढं हिच्या साहेबांना विचारून कळव.