‘आठवडी सुट्टी’ पुन्हा ऐकली

सोलापूर, १२ मे

प्रिय सिद्धराम,

पाकीट बघून हसशील. फोन असताना कागद कशाला, म्हणशील. पण फोनवर तू दोन मिनिटांत ‘बरं, ठेवतो’ म्हणतोस आणि मीही सुटल्यासारखा ठेवून देतो. म्हणून कागद. शिवाय थकलोय रे. चार दिवसांआड नळाला पाणी, त्रेचाळीसचं ऊन, यशोदेचे गुडघे, आणि ऑफिसात निवृत्तीला उरलेले सात महिने, तेही सरता सरत नाहीत. त्यात गेल्या महिन्यात तुझी प्रियंका घरी येऊन गेली, आणि माझं कशातच लक्ष लागेनासं झालं.

पोरीला गिटारच्या क्लासला जायचंय, आणि तू नको म्हणालास. ‘आपल्या घरात हातच जड हाय, लोकं हसत्यात, मी भोगलंय,’ असं म्हणालास म्हणे. तिनं मला सरळ विचारलं, ‘काका, बाबा खरंच इतकं वाईट वाजवायचे का?’ मी चहाची कपबशी खाली ठेवली. तुझी लेक आहे, उत्तर मिळाल्याशिवाय उठणार थोडीच! मग बसलो सांगत. सत्त्याण्णव साली सोलापुरात मराठीतून हार्ड रॉक वाजवणारा आपला बँड होता, मागावरच्या धोट्यावरून नाव ठेवलं ‘धोटा’. मी गायचो. पहिल्या कॅसेटला गिटारवर सुबोध होता. तो नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याच्या जागी कुंभारीचा सिद्धराम आला. ‘आठवडी सुट्टी’ हे आपल्या दुसऱ्या कॅसेटचं नाव ऐकून ती हसली. त्या लूमच्या शेडमध्ये मागांना सुट्टी असेल त्याच दिवशी रेकॉर्डिंग व्हायचं, बाकीचे सहा दिवस त्या खडखडाटात स्वतःचा खोकला ऐकू येत नसे, हे सांगितल्यावर तिला पटलं.

पुढचं सांगताना मात्र जीभ अडखळली. कॅसेट आली आणि सगळे म्हणाले, सुबोध गेला, बँडचा जीव गेला. नव्या पोराचा हात जड आहे. गाणी ओझं घेऊन जिना चढणाऱ्या माणसासारखी वाटतात. बदललेला माणूस तू एकटाच, तेव्हा खापर दुसऱ्या कुणावर फुटणार? मग ते कॉलेजचं गॅदरिंग. खालून पोरं ‘सुबोध, सुबोध’ ओरडत होती, आणि तू घाबरून नको तेवढं घाईनं वाजवायला लागलास. दुसऱ्याच गाण्यात तार तुटली. तू स्टेजवरून उतरलास तो उतरलासच. गिटार विकलीस, कुर्डुवाडीच्या वर्कशॉपला लागलास, आणि त्यानंतर कुणाच्या लग्नातसुद्धा हातात वाद्य घेतलं नाहीस.

प्रियंका म्हणाली, मला ऐकायचंय. माळ्यावरच्या डब्यातून मूळ टेप काढली, म्हणजे शेडमध्ये भरली होती तीच. चनमल्लप्पाकडून टेपरेकॉर्डर दुरुस्त करून आणला, त्यानं टेप फिरवणारा बेल्ट नवा घातला. सत्तावीस वर्षांत मी ती एकदाही लावली नव्हती.

अरे, काय वाजवलंयस तू! मी सुबोधची कॅसेटही लागोपाठ ऐकली. सुबोध हुशार, वादच नाही, पण प्रत्येक गाण्यात त्याला मध्ये यायचंच असतं. गाणं थांबतं आणि सुबोध सुरू होतो. तू गाण्याच्या आत राहून वाजवतोस. ‘पत्र्याचं छप्पर’मध्ये तू तीनच सूर धरून बसलायस, ड्रमच्या ठोक्याला ठोका, केसभरही हलत नाहीस, आणि शेवटच्या सोळा मात्रांना असा सुटतोस की माझ्या अंगावर सरसरून काटा आला. यशोदा भाकरीच्या पिठाचे हात घेऊन बाहेर आली नि म्हणाली, ‘कोण वाजवतंय हे?’ लोक काय म्हणतात ते सोड. आपल्या दोन कॅसेटांत दुसरी सरस आहे, आणि ती तुझ्यामुळे सरस आहे.

मग तेव्हा विकायला काढलेल्या कॉप्यांपैकी एक कॅसेट शेजारी ठेवून ऐकली. गाणी तीच, वाजवणारे तेच, पण सगळं सावकाश. कॉप्या मी घरी काढल्या होत्या, दोन टेपरेकॉर्डर जोडून. मूळ टेप ज्याच्यात घातली होती त्याचा बेल्ट सैल पडला होता. ती हळू फिरली आणि हळूच उतरली, प्रत्येक कॉपीत. प्रियंकाला एवढं समजावून सांगितलं. आधी रडली बिचारी, मग लई हसली, सगळं मोबाइलमध्ये भरून घेतलं. बाबांना मात्र तुम्हीच सांगा, म्हणाली.

सिद्धराम, हे पत्र इथवर लिहून मी तीनदा फाडलंय. इथं थांबलो तर तू म्हणशील, मशीनची चूक, जाऊ दे की यग्या. तू तसाच आहेस. पण मला हे आत्ता कळलेलं नाही. पहिली कॉपी काढली त्याच दुपारी कळलं होतं. माझा आवाज बारीक, किनरा. तुम्ही सगळे चिडवायचात आणि मी वरवर हसायचो. टेप हळू फिरली की आवाज जाड होतो, त्या हळू कॉपीत तो भरदार झाला होता. एखाद्या मोठ्या गायकाचा वाटावा असा, आणि तो माझा होता. बेल्ट बदलणं एका तासाचं काम. मी बदलला नाही. सगळ्या कॉप्या तशाच काढल्या. लोक म्हणाले, यज्ञेश्वरनं आवाज कमावला, तेव्हा लाजल्यासारखं करून ऐकून घेतलं. तू मात्र कुंभारीहून सायकल मारत आलास. दारातच उभं राहून विचारलंस, ‘यग्या, जरा हळू वाटतंय का रं? मी असं वाजवलं न्हाय की.’ मी तुझ्याकडे बघत म्हणालो, ‘नाही रे, असंच वाजवलंस तू.’ तू मान हलवलीस, कारण तुझा माझ्यावर विश्वास होता. माफी मागायला मला तोंड नाही. पोरीला क्लासला जाऊ दे, एवढंच मागतो. तू असं वाजवलं नव्हतंस, सिद्धराम. मला माहीत होतं.

‘तुझाच’ लिहायचा हक्क राहिला असेल तर, तुझाच,
यज्ञेश्वर