दहावी सही

खामगाव, २४ ऑक्टोबर २०२४

ती. किसनमामांस सुचिताचा सा. न. वि. वि.

मामा, तिकीट मिळालं! तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून झुंबरबाईंच्या हाती चिठ्ठी धाडतेय. लाल झेंड्याच्या आमच्या इवल्याशा पक्षाने विधानसभेला मला उभं केलंय. घाईत लिहितेय, अक्षर समजून घ्या.

अकोल्याला वकिलीला तुम्हीच घातलंत. मग अकरा वर्षं कामगार कोर्ट, संपाचे मंडप, मोर्चे. तुमच्या कापसाच्या जिनिंगमधून काढलेल्या दहा बायांचा खटला तुमच्या साक्षीने हरले, तेव्हाच ठरवलं की कायदा नुसता वाचून भागणार नाही, तो करतात तिथे जायला हवं. म्हणजे या तिकिटात तुमचाही वाटा आहे! रागावू नका, चिडवतेय.

पक्ष लहान, म्हणून अर्जावर मतदारसंघातले दहा सूचक लागतात. झुंबरबाई आणि त्यांच्या सोबतिणी, त्याच दहाजणी सह्या करणार आहेत. २९ला दुपारी तीनपर्यंत मुदत. मामींना नमस्कार. आशीर्वाद तेवढा पाठवा.

तुमची सुचिता

पिंपळगाव राजा, २५ ऑक्टोबर

चि. सुचितास अ. आ.

पत्र पोचलं. तुझ्या मामीने ते तीनदा वाचलं आणि गल्लीभर साखर वाटली. बाजारात लोक म्हणे, मुकादम, भाची आमदार होऊन राह्यली! छाती फुगली, खोटं कशाला सांगू.

पण भरकोर्टात तू मला तासभर झाडलंस, ते विसरलेलो नाही. जिनिंगचा मुकादम मालकाच्या बाजूने बोलला, त्यात काय चुकलं? असो. घसा सांभाळ, उन्हात डोक्याला रुमाल बांध. सभेला मात्र बोलावू नको.

जिव्हाळा आहे तसाच राहू दे.

मामा

खामगाव, २७ ऑक्टोबर

ती. मामांस सा. न. वि. वि.

घोळ झाला! मतदार यादी चाळताना कळलं, दहाजणींतल्या चांगुणाचं नाव अजून माहेरी, धामणगाव बढ्यातच आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली, तरी दर निवडणुकीला बाई माहेरपण आणि मतदान एकदमच उरकून येते! तो मतदारसंघ वेगळा. सूचक उरल्या नऊ. एक सही कमी पडली तर अर्ज बाद.

कालपासून गावोगाव फिरतेय. लोक म्हणतात मत देऊ, पण कागदावर नाव नको, मालकाच्या डोळ्यावर येऊ. त्यांना दोष देत नाही. पण मामा, रडू आलं. तुमची सही मागत नाही, तुमची नोकरी आहे. कुणी धीराचा माणूस आठवला तर कळवा.

माया असू द्या.

सुचिता

पिंपळगाव राजा, २८ ऑक्टोबर

चि. सुचितास अ. आ.

माणूस मिळाला. किसनराव, मुक्काम पिंपळगाव राजा, यादीत अनुक्रमांक ४१२. सकाळीच मालकांना सांगून आलो. ते म्हणाले, उद्यापासून येऊ नका. तुझी मामी म्हणे, बरं झालं, आता घरची तूर तरी पाहाल.

तुझ्या उलटतपासणीचा राग नव्हता गं. या बाया कधीमधीच कामाला येत, असं मी शपथेवर सांगितलं. खोटं होतं. वर्षानुवर्षं त्यांची हजेरी मीच घेतली. तुझा फोन कोणत्या तोंडाने उचलणार होतो?

त्यांच्या सह्यांखाली माझी सही चालेल का, हे विचारायला दुपारी झुंबरबाईंकडे गेलो. सगळं कबूल केलं. त्यांनी ओट्यावर बसवलं, पाणीही विचारलं नाही, आणि बाकीच्या आठजणींकडे गेल्या. अर्ध्या तासाने परतल्या. म्हणे, आमी उद्या साडेनऊच्या एसटीनं निघून राह्यलो, मुकादम, उशीर करू नका.

मामाला सांभाळून घे.

किसनराव