विवाहित असल्याचा दाखला

अण्णा, तुम्ही मला दाखला द्यायला नकार दिलात त्याला चाळीस वर्षं होऊन गेली, आणि माझा राग अजून पुरता गेलेला नाही. काल धाकट्याने तो पुन्हा उकरून काढला. त्याने नोकरी बदलली, नव्या कंपनीने जुनीकडचे कागद न बघताच त्याचा इन्कम टॅक्स भलताच कापला, आणि तो फॉर्म नाचवत माझ्याकडे आला. "बाबा, तुमच्या वेळी असलं काही होत नसेल," म्हणाला. मी म्हटलं, आमच्या वेळी तर माझं लग्नच कापलं होतं. त्याला वाटलं मी थट्टा करतोय. तुम्हाला ठाऊक आहे, त्यात थट्टा फारशी नव्हती.

अलिबागच्या बांधकाम खात्यातली नोकरी सोडून मी मुंबईला एका खाजगी कंपनीत नकाशे काढायला लागलो, तेव्हा माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं. आई त्याच्या आधीच गेलेली. बायको तुमच्याजवळ गावी राहिली, मी गिरगावात चौघांच्या खोलीत खाट धरली आणि खानावळ लावली. पहिल्या दिवशी हेडक्लार्कने माझा कागद भरायला घेतला. साठीचा गुजराती गृहस्थ, काळी टोपी, कानावर पेन्सिल. "कुटुंब?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "गावी. इथं मी एकटाच." आपल्याकडे कुटुंब म्हणजे बायको हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. त्या गृहस्थाला कुटुंब म्हणजे आईबाप, भाऊबंद, सगळा गोतावळा. तो गावी, आणि हा इथे एकटा. त्याने इंग्रजीत 'सिंगल' लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी सही केली.

त्या काळात सरकारने नुकतंच विवाहिताला करात जास्त सूट आणि अविवाहिताला कमी असं ठरवलं होतं. मला त्याचा पत्ताही नव्हता. वर्ष सरता सरता शेजारच्या टेबलावरच्या माणसाने आपलं पगाराचं पाकीट माझ्या पाकिटाशी ताडून पाहिलं आणि म्हणाला, "तुझा जास्त जाणारच. ब्रह्मचाऱ्याला शिक्षा असते." हाच माणूस दोन महिन्यांपासून आपल्या मेहुणीचं स्थळ माझ्या कानावर घालत होता. मी हसून वेळ मारून नेत होतो. मला वाटायचं, उगाच कशाला त्याला खजील करा.

हेडक्लार्ककडे गेलो तर तो माझ्यावरच उखडला. "तू बोलला एकटा, मी लिवला सिंगल. एमां मारी शुं भूल?" मग जरा निवळला आणि म्हणाला, गावच्या सरपंचाच्या सहीचा दाखला आण, की हा माणूस विवाहित आहे, महिन्याभरात सगळं सुधारून देतो. मला हायसं वाटलं. सरपंच तुमचा विद्यार्थी. तुम्ही लिहाल त्याच्याखाली तो डोळे मिटून सही करणार. मी त्याच दिवशी तुम्हाला सविस्तर पत्र लिहिलं, दाखल्यात काय काय यावं तेही कळवलं.

तुमचं उत्तर कार्डावर आलं. पाकिटाची तसदीही घेतली नाहीत. 'अनेक आशीर्वाद. पत्र पोचले. तू विवाहित आहेस असे लिहून देण्यापूर्वी मला खात्री करून घ्यावी लागेल. समक्ष यावे.' खानावळीच्या मालकाने ते मला देण्याआधी वाचलं होतं. त्या रात्री वाढताना तो माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की मी आमटी अर्धी टाकून उठलो. शनिवारी अर्धी सुट्टी झाल्या झाल्या मी भाऊच्या धक्क्यावर गेलो आणि रेवसची लाँच पकडली. वाटेत तुम्हाला काय काय बोलायचं ते मी मनात घोकत होतो, लहानपणी पाढे घोकायचो तसं.

तुम्ही पडवीत बसून मुलांच्या वह्या तपासताय. मी पायरी चढतो. तुम्ही मान वर करत नाही. एक वही संपते, दुसरी उघडते, आणि मग तुम्ही विचारता, "त्या कागदावर सही कुणाची आहे?"

"माझी."

"इंग्रजी वाचता येतं ना? मीच शिकवलंय म्हणून विचारतो."

मी घोकलेलं सगळं विसरलो. कारण मी तो शब्द वाचला होता, अण्णा. पेन हातात असताना वाचला होता. मला वाटलं, असू दे, कोण विचारतंय. आणि खरं सांगायचं तर त्या शब्दाने मला जरा हलकं वाटलं. नवी नोकरी, नवं गाव, रविवारी मित्रांबरोबर चौपाटी. वर्षभरात कचेरीतल्या एकालाही मी बोललो नव्हतो की माझं लग्न झालंय. गणपतीला आणि होळीला घरी येऊन दोन दिवस राहायचो, आणि उरलेलं वर्ष ती कुठे आहे हे मला आठवायची गरज पडत नव्हती. हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. पण चाळीस मुलांच्या वर्गात खोटं कोण बोलतंय हे तुम्हाला खडूचा आवाज न थांबवता कळायचं.

मी चिडलो. चूक असली की माणूस चिडतो तसा. म्हटलं, "तुमच्यासाठीच तिला इथं ठेवलीय ना? आई नाही. तुमच्याकडे कोण बघणार?"

तुम्ही चष्मा काढून वहीवर ठेवलात. आत वळून हाक मारलीत, "सूनबाई, जरा बाहेर ये."

ती चुलीपुढून उठून आली. हाताला पीठ होतं. उंबऱ्याच्या आतच उभी राहिली. "ह्याच्या हापिसात लिहून घेतलंय, ह्याचं लग्न झालेलं नाही," तुम्ही म्हणालात. "मला दाखला द्यायचाय. तुझं काय म्हणणं?"

मला वाटलं ती लाजेल, पदर तोंडाला लावून आत जाईल. ती तशी गेली नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. तुम्हाला म्हणाली, "माझं झालंय, अण्णा. ह्यांचं ह्यांना विचारा." आणि आत जाऊन भाकरी थापायला लागली. तो थापण्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. त्यानंतर मी जे जेवलो त्यात भाकरी होती एवढंच आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही दाखला लिहिलात. तुमच्या टाकाने, वळणदार अक्षरात, एकही खाडाखोड नाही. मी म्हटलं, शाळेचा शिक्का मारा, वजन पडेल. तुम्ही म्हणालात, शाळेचा शिक्का घरच्या कामाला नाही. सरपंचाकडे स्वतः चालत जाऊन सही आणलीत. मी हात पुढे केला, तर तुम्ही कागद घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलात. "हा सूनबाईच्या हाती देणार. तू खोली बघ. पावसाळ्यात लाँच बंद व्हायच्या आत ती येईल." लाँच बंद व्हायला दीड महिना होता. मी रागाने जाताना तुमच्या पाया पडलो नाही. तुम्हीही पाय पुढे केले नाहीत.

खोली मिळाली. गिरगावात नाही, परळला, तिसऱ्या मजल्यावर, नळ तळमजल्यावर. वैशाख संपता संपता ती भाऊच्या धक्क्यावर उतरली, एक ट्रंक आणि रुमालात गुंडाळलेला दाखला घेऊन. मी म्हटलं, दे इकडे, उद्या नेतो. "मला दिलाय," ती म्हणाली, "मीच देणार." आणि सोमवारी खरंच माझ्याबरोबर कचेरीत आली. हेडक्लार्क तिला पाहून उठून उभा राहिला, टोपी सारखी केली, "बेसो बेन, बेसो" म्हणत स्वतःची खुर्ची पुढे केली. दाखला दोनदा वाचला आणि लाल शाईने 'सिंगल'वर काट मारली. शेजारच्या टेबलावरचा माणूस दिवसभर नकाशात डोकं घालून होता. करही पुढे सुधारला. पण संध्याकाळी घरी परतताना ती माझ्या बरोबरीने चालत होती, मागून नव्हे, आणि मला त्या चालण्याची सवय व्हायला कितीतरी महिने लागले.

आता जे लिहायचं ते लिहितो. दुसऱ्या पावसाळ्यात तुम्ही गेलात. तारेने कळलं. लाँच बंद, म्हणून पेणवरून, धरमतरची खाडी ओलांडून आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो, तेव्हा सगळं उरकलेलं होतं. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ बाहेर आली नाही म्हणून मी बघायला गेलो. डबे उघडून बसली होती. तांदूळ, थोडे कुळीथ, मीठ. बाकी काही नाही. शेजारची म्हातारी दारात उभी होती. "मास्तर येकदाच रांधायचे गं," ती हिला सांगत होती. "सकालची पेज रातीलाबी तीच. मी कालवण आनलं तर म्हनायचे, नको, येका मानसाला किती लागतंय?"

ते ऐकून ही मोठ्याने रडली. परत येताना तिने मला सांगितलं, की रेवसला लाँचमध्ये चढण्याआधी तिने तुम्हाला विचारलं होतं, अण्णा, तुमच्या जेवणाचं काय. तुम्ही म्हणालात, मला पेज करता येते, तू चढ.

तिने विचारलं. मी विचारलं नाही. मी खोली शोधली, स्टोव्ह घेतला, पाणी भरायला बाई लावली, आणि तुम्हाला दर महिन्याला 'इकडील सर्व क्षेम' असं लिहीत राहिलो. वर्षभर मी गावातल्यांना आणि स्वतःला सांगत होतो, की बायको गावी ठेवलीय ती वडिलांकडे कुणीतरी बघायला हवं म्हणून. ज्या दिवशी ती निघाली त्या दिवसापासून तुमच्याकडे बघायला कुणी नव्हतं, आणि ते माझ्या मनातही आलं नाही. ते कारण कधी खरं नव्हतंच, अण्णा. तुम्हाला ते त्या पडवीतच कळलं होतं. तरी तुम्ही मला तसं तोंडावर म्हणाला नाहीत, नुसतं तिला पाठवून दिलंत आणि मागे राहिलात.

ती आत्ता आतून विचारतेय, एवढं काय लिहिताय. धाकट्याच्या टॅक्सचं, म्हणून सांगितलंय. हे खरं तर तिला वाचून दाखवायला हवं, तुम्हाला नव्हे. ते धाडस मला अजून झालेलं नाही.